म्हातारपणी गहू बाधतो तेव्हा
(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीच्या पत्रिकेवर वीजबिलाचा प्रश्न आहे, कालव्याच्या पाळ्या आहेत, ज्वारीची खरेदी आहे. त्यातच 'म्हातारी माणसे आणि गहू' हा विषय पाहून सकाळपासून चार जणांनी आम्हाला विचारले, हे काय नवीन काढले? आता दवाखाना चालवायचा विचार आहे की काय? तसा काही विचार नाही. मागच्या बैठकीनंतर चहाच्या वेळी आमच्या आत्याच्या आजारपणाची गोष्ट निघाली. ऐकणाऱ्यांपैकी तीन-चार मायबहिणी म्हणाल्या, आमच्या सासूचे असेच चालले आहे, गोळ्या खाऊन खाऊन रक्त वाढत नाही. तेव्हा ठरले, की हा विषय एकदा सगळ्यांसमोर नीट मांडावा.

आम्ही डॉक्टर नाही. आत्याच्या निमित्ताने जे कळले, डॉक्टरांना खोदून खोदून विचारून जे समजले, तेवढे सांगतो.

आत्या आता ७१ वर्षांची आहे. माहेर कोरडवाहू, सासर बागायती. माहेरी होती तोवर पोळी दिसायची ती सणाला, नाहीतर पाहुणा आला तर. बाकी तिन्हीत्रिकाळ ज्वारीची भाकरी. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर ती होती. तिथली सुकडी आणि ती लाल मिलो अजून तिच्या तोंडात आहे. मिलोचे नाव काढले की तोंड वाकडे करते. (मिलो म्हणजे ज्वारीच, परदेशातली. आपल्या मालदांडीची चव ज्याच्या जिभेवर आहे त्याला ती ज्वारी वाटत नाही, एवढेच.) पुढे सासरी उजनीचे पाणी आले, ऊस आला, उसाच्या बेवडावर गहू आला आणि घरात रोजची पोळी झाली. आमच्याकडे पोळी म्हणजे नुसते अन्न नाही. कोरडवाहूतून बागायतीत गेल्याची ती पावती आहे. ज्या घरात रोज पोळी, ते घर वर आले असे समजायचे. मुलगी देतानासुद्धा लोक हे विचारायचे.

साठी उलटल्यावर आत्याला थकवा येऊ लागला. चार पायऱ्या चढली की धाप. तोंड पांढरे पडले, जीभ लाल-लाल, तिखट सोसेना. आरोग्य केंद्रात रक्त तपासले, फारच कमी निघाले. लोहाच्या गोळ्या दिल्या. तीन महिने खाल्ल्या, फरक नाही. डॉक्टर म्हणाले, गोळ्या नीट घेत नाही. ती नीट घेत होती. मग सलाइनमधून लोह दिले, तेव्हा रक्त चढले आणि वर्षाच्या आत पुन्हा उतरले. मग रक्त जाते कुठे याचा शोध सुरू झाला. मूळव्याध पाहिली, गर्भाशय पाहिले. कॅन्सरच्या संशयाने घर दोन महिने झोपले नाही. एके ठिकाणी आतड्याचा क्षय असेल म्हणून सहा महिने क्षयाची औषधे दिली, त्याने भूक होती तीही गेली. वजन ५२ किलोवरून ३९ वर आले. आणि प्रत्येक ठिकाणी शेवटी एक वाक्य ठरलेले, 'आता वय झाले, असे चालायचेच.'

सगळ्यात वाईट गोष्ट पुढे आहे, आणि ती आम्ही घरच्यांनीच केली. म्हातारे माणूस आजारी पडले, दात पडले, भूक मेली, की आपण काय करतो? भाकरी बंद करून मऊ पोळी देतो. दुधात पोळी कुस्करून देतो. रव्याची पेज, गव्हाची लापशी, शेवयांची खीर. चहाबरोबर टोस्ट, खारी, ग्लुकोजची बिस्किटे. भेटायला येणारा प्रत्येक पाहुणा हातात बिस्किटाचा पुडा घेऊन येतो. आत्या जसजशी खंगत गेली तसतसे आम्ही तिचे एकेक खाणे काढून त्या जागी गहू घालत गेलो. मायेनेच घातला. दिवसातून सहा वेळा.

एकच गोष्ट आमच्या ध्यानात यायला हवी होती आणि आली नाही. नवरात्रात ती नऊ दिवस उपवास धरायची. भगर, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा, शेंगदाणे. एवढ्या अशक्त बाईने उपवास धरू नये म्हणून सून भांडायची. पण त्या नऊ दिवसांत तिचे पोट गप्प असायचे, दसऱ्याला ती जरा हुशार दिसायची. आम्ही म्हणायचो देवीची कृपा. देवीची कृपा असेलही, पण त्या नऊ दिवसांत तिच्या पोटात गव्हाचा कण जात नव्हता, हे कोणी मोजले नाही.

मग एका पावसाळ्यात अंगणात पाय घसरला. पडली म्हणावे तर बसल्यासारखी पडली, पण खुब्याचे हाड मोडले. शहरात नेले. ऑपरेशनसाठी रक्त द्यायची वेळ आली तेव्हा तिथल्या एका तरुण डॉक्टरांनी जुने सगळे कागद मांडून पाहिले आणि विचारले, 'आजी रोज काय खातात?' इतक्या वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. त्यांनी रक्ताची एक वेगळी तपासणी लिहून दिली, मग तोंडातून दुर्बीण घालून आतड्याचा बारीक तुकडा काढून पाहिला. रोग निघाला सिलिअ‍ॅक. म्हणजे काय, ते आता सांगतो.

कणकेचा गोळा पाण्याच्या धारेखाली धरून चोळत राहा. पांढरे पाणी निघून जाते आणि हातात रबरासारखा चिवट गोळा उरतो. ते ग्लुटेन. गव्हातले हे प्रथिन आहे, त्याच्यामुळे कणीक ताणली जाते, पोळी लाटता येते, पाव फुगतो. ज्वारीत ते नाही. म्हणून भाकरी लाटता येत नाही, आधणाचे पाणी घालून मळावी लागते आणि थापावी लागते. मायबहिणींना हे वेगळे सांगायला नको. ग्लुटेन गव्हात आहे, त्याच्यासारखीच प्रथिने जवात म्हणजे सातूत आहेत आणि परदेशातल्या राय नावाच्या धान्यात आहेत. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका, वरी, राळा, राजगिरा, सगळ्या डाळी यांत ते नाही.

काही माणसांच्या अंगात जन्मापासून अशी ठेवण असते, की हे ग्लुटेन आतड्यात गेले की शरीर त्याला शत्रू समजते आणि त्याच्याशी लढता लढता स्वतःचेच आतडे झोडपते. ही ठेवण रक्तातून, आईबापांकडून येते. पुष्कळांच्या अंगात ती असते, पण रोग होतो तो त्यांतल्या थोड्यांनाच.

आतड्याचे काय होते ते शेतकऱ्याला समजायला अवघड नाही. झाड अन्न घेते ते जाड मुळांनी घेत नाही, पांढऱ्या मुळ्यांनी घेते. आपल्या लहान आतड्याला आतून तशीच लव असते, मखमलीसारखी. अन्नाचा रस ती लव शोषते. या रोगात ती लव झडते, आतडे आतून सपाट होते. पांढऱ्या मुळ्या कुजलेल्या उसाला तुम्ही युरियाची पोती ओतलीत तरी ऊस पिवळाच राहणार. आत्याच्या लोहाच्या गोळ्यांचे तेच झाले. लोह शोषले जाते ते लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात आणि हा रोग नेमका तिथेच सर्वांत जोरात असतो. कॅल्शियमचे तेच, म्हणून हाडे पोकळ होतात. डॉक्टरांनी आत्यावर गोळ्या चुकवल्याचा आळ घेतला. गोळ्या पोटात जात होत्या, पण अंगी लागत नव्हत्या.

हा रोग लहान मुलांचा, असेच वैद्यकाच्या पुस्तकांत पुष्कळ दिवस मानले जात होते. लंडनच्या सॅम्युअल जी नावाच्या डॉक्टरांनी १८८८ साली त्याचे नीट वर्णन केले आणि बरे व्हायचे असेल तर ते खाण्यातूनच होईल असे म्हटले. पण कोणत्या खाण्यातून, ते कळले नव्हते. १९२४ साली अमेरिकेत डॉ. हास यांनी अशा मुलांना केळी खायला घालायला सुरुवात केली. मुले सुधारली. लोकांना वाटले केळ्यात गुण आहे. गुण होता तो केळ्यापायी ताटातून गेलेल्या पावाचा.

गहू पकडला तो हॉलंडमधल्या विलेम डिके या बालरोगतज्ज्ञाने. गव्हावर त्यांचा संशय युद्धाच्या आधीपासूनच होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन फौजांनी पश्चिम हॉलंडची रसद तोडली. माणसे ट्युलिपच्या फुलझाडाचे कंद आणि साखरेचे बीट खाऊन दिवस काढू लागली. हजारो माणसे उपासमारीने मेली. त्या भुकेच्या हिवाळ्यात सगळी मुले वाळत होती, पण डिके यांची या रोगाची मुले मात्र बरी होती, कारण पाव मिळतच नव्हता. पाव पुन्हा आला तशी ती मुले पुन्हा आजारी पडली. १९५० साली डिके यांनी आपला प्रबंध मांडला आणि त्यानंतर त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्लुटेनपर्यंत माग काढला. दुष्काळातून निघालेले हे शास्त्र आहे. आपल्यालाही दुष्काळ काही कमी मिळाले नाहीत; आपण त्यांतून काय शिकलो तो विषय वेगळा.

म्हाताऱ्यांकडे लक्ष गेले ते फार पुढे. आता हे पक्के माहीत आहे, की हा रोग कोणत्याही वयात सुरू होऊ शकतो. पन्नास वर्षे पोळी पचवलेल्या माणसाला एकावन्नाव्या वर्षी ती बाधू शकते. अमेरिकेत मेरीलँड राज्यात एक नामी अभ्यास झाला. साडेतीन हजार माणसांचे रक्त १९७४ साली साठवून ठेवले होते, त्याच माणसांचे १९८९ साली पुन्हा घेतलेले होते. दोन्ही नमुने पुढे तपासले. पहिल्या खेपेला ५०१ माणसांत एकाला हा रोग होता, दुसऱ्या खेपेला २१९ मध्ये एकाला. माणसे तीच, अन्न तेच, पण पंधरा वर्षांत दुप्पट. फिनलंडमध्ये ५२ ते ७४ वयाच्या लोकांची तपासणी केली तेव्हा शंभरात दोनपेक्षा जास्त माणसांना तो निघाला, आणि त्यातल्या बहुतेकांना त्याचा पत्ता नव्हता.

आपल्या देशात काय? डॉक्टरांच्या एका गटाने उत्तर, ईशान्य आणि दक्षिण भारतात मिळून २३ हजारांवर प्रौढ माणसे तपासली. त्याचे आकडे २०१६ साली प्रसिद्ध झाले. रक्तात या रोगाची खूण उत्तरेत शंभरात सव्वा माणसाला सापडली, ईशान्येत शंभरात एकाहून थोडी कमी, आणि दक्षिणेत हजारात एकाला. उत्तरेत गहू रोजचा, दक्षिणेत भात. आपण मध्ये बसलो आहोत. अर्धे ताट भाकरीचे, अर्धे पोळीचे. पंजाब-हरियाणात हा रोग डॉक्टरांच्या ध्यानात पटकन येतो, कारण त्यांना तो रोज दिसतो. आपल्याकडे तो कमी दिसतो, म्हणून मनातच येत नाही, आणि मनात येत नाही म्हणून आणखी कमी दिसतो.

त्यातून म्हाताऱ्या माणसात हा रोग सोंग घेऊन येतो. मुलांना पोट फुगणे, जुलाब, वाढ खुंटणे, असे ठळक दिसते. म्हाताऱ्यांना जुलाब असतीलच असे नाही. काहींना तर बद्धकोष्ठ असते. नुसते रक्त कमी, नुसती हाडे ठिसूळ, नुसते वजन उतरणे, तोंड येणे, हातापायांना मुंग्या. गळ्याच्या थायरॉइडचा विकार बरोबर असू शकतो. कोपर-गुडघ्यांवर खाजऱ्या फोडांचे पुरळ उठू शकते. यातले प्रत्येक लक्षण 'वय झाले' या पोत्यात घालता येते. म्हणून आम्ही म्हणतो, लोहाच्या गोळ्या तीन महिने नीट घेऊनही रक्त वाढत नसेल आणि रक्त कुठून जात नसेल, तर डॉक्टरांना सरळ विचारा, 'साहेब, गव्हाची ती रक्ततपासणी करायची का?' तिला टीटीजी म्हणतात. शेतकऱ्याने विचारले म्हणून डॉक्टर रागावले तर रागावू द्या. आपण बाजार समितीत मापाड्याला विचारतो, तसे इथेही विचारायचे.

दोन गोष्टींत फसू नका. पहिली, तपासणीच्या आधी गहू बंद करू नका. पुष्कळ जण ऐकून-वाचून आधीच पोळी सोडतात, मग रक्तातली खूण मावळते, आतडे सावरू लागते आणि तपासणीत काहीच सापडत नाही. चोर पळाल्यावर पंचनामा केल्यासारखे होते. आधी तपासणी, निदान पक्के, मगच पथ्य. दुसरी, रक्तदाबाची एक गोळी आहे, ओल्मेसार्टन. ती घेणाऱ्या काही थोड्या लोकांना, सुरू केल्यापासून महिन्यांनी, कधी वर्षांनीसुद्धा, अगदी या रोगासारखेच जुलाब आणि वजन उतरणे होऊ शकते. अमेरिकेच्या औषध खात्याने २०१३ साली तशी सूचना काढली. तिथे गहू सोडून काही होत नाही, गोळी बदलावी लागते. घरात म्हातारे माणूस ती गोळी घेत असेल आणि जुलाब थांबत नसतील तर डॉक्टरांच्या कानावर घाला. आपल्या मनाने गोळी मात्र बंद करायची नाही. रक्तदाब वाढून दुसरेच काही व्हायचे.

आता उलट बाजूही सांगितली पाहिजे. हल्ली शहरात गहू म्हणजे विष असा एक बाजार भरला आहे. पोळी सोडली की वजन उतरते, संधिवात जातो, तारुण्य येते म्हणे. ज्याला हा रोग नाही, गव्हाची खरी अ‍ॅलर्जी नाही, गव्हाने खरोखर त्रास होत नाही, त्याने पोळी सोडायचे कारण नाही. आपण गहू पिकवणारी माणसे आहोत. आपल्याच मालाला कारण नसताना बदनाम करू नये. काही लोक सांगतात, हा रोग १९६० च्या दशकात मेक्सिकोहून आलेल्या बुटक्या गव्हाने आणला, आपला जुना गहू निर्दोष होता. हे ऐकायला गोड आहे, पण तसा पुरावा नाही. या रोगाचे वर्णन त्या बियाण्याच्या कितीतरी आधीचे आहे, आणि डिके यांच्या पेशंटांनी काही सोनोरा गहू खाल्लेला नव्हता. बियाण्याच्या माथी काहीही मारायची जी सवय लागली आहे, ती आपल्याला परवडणारी नाही.

याच बोलण्यातून खपलीचे एक थोतांड निघाले आहे. खपली गहू 'ग्लुटेन नसलेला' म्हणून शहरात चढ्या भावाने विकला जातो. आमचे काही शेतकरी भाऊच तसे सांगून विकतात, हे आम्हाला माहीत आहे. भाव मिळतो तो जरूर घ्या. खपली चांगली आहे, खीर तिचीच करावी. पण खपली हा गहूच आहे, त्यात ग्लुटेन आहे. सिलिअ‍ॅकच्या माणसाला खपली चालत नाही म्हणजे नाही. गिऱ्हाइकाला खोटे सांगून माल खपवणारा व्यापारी आपल्याला चालत नाही, मग आपण तसे वागायचे का?

आत्याकडे परत येतो. औषध म्हणून डॉक्टरांनी सांगितले एवढेच, की गहू आणि सातू आयुष्यभर बंद. कमी नाही, बंद. या रोगाला याखेरीज दुसरा खरा उपाय अजून नाही. पथ्य पाळले नाही तर आतड्याला कायमची सूज राहते, आणि क्वचित त्यातून आतड्याची वाईट गाठ होऊ शकते. दवाखान्यातून घरी आणल्यावर आम्ही तिला हे सांगितले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, 'जन्मभर भाकरी थापली रे. आता कुठं सुनंच्या हातचं दोन मऊ घास मिळत होतं, त्येबी बंद केलंस व्हय?' याला आमच्याजवळ उत्तर नव्हते.

पोळी बंद करणे सोपे असते, कठीण असतो तो लपलेला गहू. कुरडया गव्हाच्या. थालीपिठाच्या भाजणीत गहू. हुग्गी, शेवया, बोटवे, रव्याचा लाडू, सत्यनारायणाचा प्रसाद. उपम्याला पोहे हे उत्तर आहे, पण प्रसादाला नाही म्हणायला आत्याची जीभ रेटेना. हिंगात गहू असतो हे आम्हाला त्या वेळी कळले. बाजारात मिळतो तो बांधणी हिंग नुसता हिंग नसतो, तो मैद्यात किंवा तांदळाच्या पिठात घोळलेला असतो. डबीवर बारीक अक्षरात लिहिलेले असते ते वाचावे लागते. ज्या तेलात कुरडई तळली त्याच तेलात तिचा पापड तळून चालत नाही. ज्या परातीत कणीक मळली तीत तशीच भाकरी मळून चालत नाही. सुनेला हे सोवळ्या-ओवळ्यासारखे वाटायचे. ती म्हणाली, सोवळे मोडायला आम्हाला दोन पिढ्या लागल्या आणि तुम्ही ते पुन्हा आणले. आता तीच सगळ्यांत कडक आहे.

आणि गिरणी. वर्षभर पथ्य पाळूनही आत्याच्या रक्तातली खूण पूर्ण जाईना. सून रडकुंडीला आली, कारण सगळे तिच्यावरच. शेवटी डॉक्टरांनी विचारले, पीठ कुठून येते? गावात गिरणी एक. गव्हाचे दळण काढून त्याच जात्यात ज्वारीचे दळण ओततात. पहिली दोन-तीन शेर ज्वारी गव्हाचे पीठ घेऊनच खाली पडते. नियम सांगतो, ज्या पाकिटावर 'ग्लुटेन-फ्री' लिहायचे त्यात किलोमागे २० मिलिग्रॅमच्या वर ग्लुटेन नसावे. २० मिलिग्रॅम म्हणजे चिमटीत न येणारी पूड. आमच्या गिरणीतून निघालेल्या ज्वारीच्या पिठात किती असेल त्याचा हिशेब करायला नको. मग घरघंटी आणली. ती आत्याच्या ज्वारीपुरतीच, तिला गहू लागत नाही. वीज नसते तेव्हा सून जुने जाते काढते.

शहरातल्या दुकानात या रोग्यांसाठी खास पिठे आणि खास बिस्किटे मिळतात, साध्या पिठाच्या कितीतरी पट किमतीला. आम्ही एकदा आणून पाहिली. आत्याने एक घास खाल्ला आणि म्हणाली, हे कुत्र्याला घाला. पंजाबातल्या म्हातारीला गहू सोडणे म्हणजे ताटच बदलणे. सोलापूर, मराठवाड्यातल्या म्हातारीला फक्त माहेरी जायचे आहे. मालदांडीची भाकरी, हुलग्याचे माडगे, नाचणीची आंबील, तांदळाची पेज. बिनदाताच्या तोंडाला गरम भाकरी ताकात किंवा आमटीत कुस्करून द्या. आमच्या भागाचे हे नशीब आहे, की या रोगाचे औषध आमच्या पेवात होते. पण आज पेरा पाहा. ज्वारीला काढणीला मजूर नाही, मोडणीला माणूस नाही, पाखरे राखायला पोर नाही, आणि एवढे करून बाजारात भाव नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे म्हणून साजरे केले. आमच्या गावात त्या वर्षीही ज्वारीचा पेरा वाढला नाही. वाढला असता, तर तो भावाने वाढला असता.

आता रेशनचे. आत्याचे कार्ड आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात माणशी पाच किलो धान्य आहे, आणि त्यात गहू, तांदूळ यांच्या जोडीला भरडधान्यही लिहिलेले आहे. जानेवारी २०२३ पासून ते धान्य फुकट आहे. पण आमच्या दुकानात आत्याच्या नावावर गहू येतो. जो गहू तिने खाल्ला तर ती पुन्हा अंथरुण धरील, तो तिला फुकट आणि जी ज्वारी तिचे औषध आहे ती विकत. आम्ही दुकानदाराला विचारले, गव्हाऐवजी सगळा तांदूळ द्या. तो म्हणाला, यंत्रात तशी सोय नाही. तहसीलला विचारले, तिथे रोगाचे नाव चार वेळा लिहून घेतले आणि चारही वेळा वेगळे लिहिले. आत्या तो गहू शेजारणीला देते आणि तिच्याकडून ज्वारी घेते. कायद्यात बसते की नाही माहीत नाही, पण बायकांनी आपल्यापुरता प्रश्न सोडवला आहे.

म्हणून आजच्या बैठकीत दोन ठराव मांडतो आहोत. एक, ज्याच्याकडे या रोगाचा डॉक्टरी दाखला असेल त्याला रेशनवर गव्हाऐवजी ज्वारी किंवा तांदूळ मिळावा. दोन, ज्या म्हाताऱ्या माणसाचे रक्त गोळ्यांनी वाढत नाही त्याच्यासाठी टीटीजीची तपासणी जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात फुकट व्हावी. यात कोणाची मेहेरबानी मागितलेली नाही.

एक गोष्ट राहिली. हा रोग रक्ताच्या नात्यात फिरतो, म्हणून आईबाप, भावंडे, मुले यांची तपासणी करावी असे डॉक्टर सांगतात. साधारण दहांतल्या एखाद्याला तो निघतो. आमचे वडील आत्याचे धाकटे भाऊ. ते तपासायला तयार होईनात. म्हणाले, सापडला तर पोळी जाईल, न सापडलेला बरा. शेवटी आत्यानेच त्यांना दटावून नेले. त्यांना निघाला नाही. आत्याच्या मधल्या मुलीला निघाला. तिला त्रास म्हणून काही नव्हता, थायरॉइडची गोळी तेवढी चालू होती. वय ४६. तिची हाडे अजून शाबूत आहेत.

आत्याचे रक्त आता बरे आहे, वजन ४७ किलोवर आले. खुबा मात्र पूर्वीसारखा झाला नाही. काठी सुटणार नाही असे डॉक्टरांनी सांगितले आहे. म्हाताऱ्या आतड्याची लव उशिरा उगवते, काहींची पूर्ण उगवतही नाही. दर वर्षी रक्त तपासायचे आहे. पुरणपोळीच्या दिवशी सून तिच्यासाठी तांदळाच्या उकडीत पुरण भरते. ती फाटते, पण आत्या खाते. बैठक संपल्यावर ज्यांच्या घरी असे दुखणे आहे त्यांनी मागच्या बाजूला थांबावे. आत्या बैठकीला आली आहे, तिसऱ्या रांगेत बसली आहे. तपासणी कशी करतात, दुर्बिणीचा त्रास होतो का, हे मायबहिणींनी तिलाच विचारावे. ती आमच्यापेक्षा नीट सांगेल.